ग्रीसच्या बेटांवर बोटीने जाताना: आधी बोट ठरवा, मग बेटं

ग्रीसला जायचं ठरलं की घरात पहिली यादी होते ती बेटांची. सांतोरिनी, मिकोनोस, क्रीट, कोर्फू, आणि कुणीतरी फोटोत पाहिलेलं झाकिंथोस. ती यादी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि नकाशावर बोटींच्या रेघा शोधा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ग्रीक बोटी ठरावीक रांगेतल्या बेटांना लागत लागत जातात. एका रांगेतली बेटं एकमेकांना सहज जोडलेली असतात. दुसऱ्या रांगेत शिरायचं झालं तर समोर दिसणाऱ्या बेटासाठीही पुष्कळदा अथेन्सच्या पिरेअस बंदरात परत यावं लागतं, आणि सुट्टीचे दोन दिवस त्यातच जातात.

वरच्या यादीतली कोर्फू आणि झाकिंथोस तर वेगळ्याच समुद्रात आहेत. ती पश्चिमेकडची आयोनियन बेटं. कोर्फूची बोट इगुमेनित्सा बंदरातून सुटते, झाकिंथोसची किलिनीहून. स्कियाथोस आणि स्कोपेलोसला जायचं तर व्होलोस गाठावं लागतं. पहिल्या प्रवासात या सगळ्यांना हात लावू नका. पिरेअसच्या आग्नेयेला सिक्लाडीस नावाचा बेटांचा पुंजका आहे, तो घ्या. त्यातही दोन मुख्य रांगा आहेत. पश्चिमेची किथनोस, सेरिफोस, सिफनोस, मिलोस अशी जाते. मधली सीरोस, पारोस, नाक्सोस, इओस, सांतोरिनी अशी. मधल्या रांगेवर सर्वांत जास्त बोटी आहेत, म्हणून एखादी चुकली किंवा रद्द झाली तरी माणूस अडकून पडत नाही.

माझा आवडता क्रम बहुतेकांच्या उलटा आहे. अथेन्सला उतरल्यावर विमानाने थेट सांतोरिनी गाठायचं आणि तिथून बोटीने उत्तरेला, म्हणजे अथेन्सच्या दिशेने, येत राहायचं: सांतोरिनी, नाक्सोस, पारोस, जमलं तर सीरोस, मग पिरेअस. परतीचं विमान जसं जवळ येतं तसे आपणही विमानतळाच्या जवळ येत असतो. वारा सुटला आणि बोटी थांबल्या तर सांतोरिनीत अडकण्यापेक्षा सीरोसला अडकणं पुष्कळ बरं, कारण तिथून पिरेअस चार तासांच्या आत आहे. एक नियम मात्र कुणीच मोडू नये: मुंबईच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढायची. त्याच दिवशी सकाळी बेटावरून निघून संध्याकाळचं विमान पकडण्याचं गणित कागदावरच सुटतं.

मोठी संथ बोट की वेगवान बोट

तिकिटांच्या ॲपवर एकाच मार्गाच्या दोन तऱ्हा दिसतील. पिरेअस ते सांतोरिनी मोठी बोट साडेसात ते आठ तास घेते, वेगवान कॅटामरान पाच तासांच्या आसपास. वेगवानचं तिकीट दुपटीच्या घरात जातं. आपल्याकडे वेळ वाचवण्याची सवय म्हणून लोक डोळे झाकून वेगवान घेतात. मी मोठीच घ्या म्हणते, आणि पैसे हे त्याचं सर्वांत छोटं कारण आहे.

कॅटामरानमध्ये तुम्ही काचेआड, एका खुर्चीत बसलेले असता. बहुतेकींवर उघडा डेक नसतो, किंवा असला तरी नावापुरता. लाट मोठी असली की ती अशी काही उडते की अर्धी केबिन कागदी पिशव्या शोधू लागते. मोठ्या बोटीवर तुम्ही हिंडू शकता, डेकवर वारा खाऊ शकता, पाय लांब करू शकता. आणि मुख्य म्हणजे वाऱ्यामुळे समुद्र खवळला की आधी कॅटामरान बंद होतात, मोठी बोट त्यानंतरही चालू राहते.

शिवाय ही मोठी बोट बेटांची एसटी आहे. तिच्या पोटातून टोमॅटोचे ट्रक, गॅसची सिलिंडरं, औषधं, लग्नाचं सामान, दवाखान्यातून परतणारे म्हातारे सगळे येतात. पारोसला बोट लागली की धक्क्यावर उभी असलेली माणसं बघा. निम्मी पर्यटकांची वाट बघत असतात, निम्मी एखाद्या खोक्याची. बेट कसं जगतं ते हॉटेलच्या गच्चीवरून कळत नाही, तिथे कळतं.

तिकिटं

उन्हाळ्याचं वेळापत्रक एकदम लागत नाही. जानेवारीत मे-जूनची तारीख टाकली आणि एखादीच बोट दिसली म्हणून घाबरू नका. कंपन्या हिवाळ्याच्या शेवटापर्यंत एकेक मार्ग जाहीर करत असतात. फेरीहॉपरसारख्या ग्रीक ॲपवर सगळ्या कंपन्यांच्या बोटी एकत्र दिसतात आणि तिकीट फोनवर येतं. हॉटेलं आधी आणि बोट नंतर असं करू नका. बोटीचे वार बघा, मग त्याप्रमाणे रात्री वाटा. मे, जून आणि सप्टेंबरात मोठ्या बोटीचं साधं तिकीट काही दिवस आधीही मिळतं. जुलै-ऑगस्टचं, आणि कुठल्याही महिन्यातल्या झोपायच्या केबिनचं, मिळेल तितक्या लवकर काढा.

नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. अगदी तान्ह्या बाळाचंही शून्य किमतीचं तिकीट काढावं लागतं, कारण बोटीवरच्या प्रत्येक माणसाची नोंद यादीत असते.

साध्या तिकिटावर जागा ठरलेली नसते. आत सोफे, टेबलं आणि बाहेर डेकवरच्या खुर्च्या, जिथे जागा मिळेल तिथे बसा. थोडे युरो जास्त देऊन क्रमांकाची, विमानासारखी खुर्ची घेता येते. गर्दीच्या दिवसांत वयस्कर माणसं बरोबर असतील तर ती घ्याच. क्रीटची बोट रात्रभर चालते, तिथे केबिन घ्या: पलंग, स्वच्छ चादर, आत न्हाणीघर, आणि सकाळी थेट इराक्लिओन किंवा हान्याजवळचं सूदा बंदर. एका हॉटेलचं भाडं वाचतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

बेटांच्या नावांचा घोळ तिकीट काढायच्या आधीच मिटवा. सांतोरिनी वेळापत्रकात पुष्कळदा 'थिरा' म्हणून येतं, कोर्फू 'केर्किरा' म्हणून. काही बेटांना दोन बंदरं आहेत आणि त्यांच्यामध्ये डोंगर आहे. आमोर्गोसला कातापोला आणि एगियाली, इकारियाला आयोस किरिकोस आणि एव्हदिलोस, सामोसला व्हाथी आणि कार्लोव्हासी. खोली एका बंदरात आणि बोट दुसऱ्या बंदरातून, असं झालं तर पहाटे टॅक्सी शोधावी लागते आणि लहान बेटांवर टॅक्सी बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

पिरेअस

पिरेअस म्हणजे एक धक्का नव्हे, ती एक लांबलचक खाडी आहे आणि तिच्या काठाने ई१ पासून ई१२ पर्यंत दरवाजे आहेत. विमानतळावरून मेट्रोची निळी रेघ आता थेट पिरेअसला येते, साधारण तासाभरात. २०२२ पासून ही सोय झाली. त्याआधीच्या माहितीत गाडी बदला असं लिहिलेलं असेल तर ते सोडून द्या. शहरातून येणार असाल तर मोनास्तिराकीहून हिरवी रेघही येते, तिच्यात खिसे मात्र सांभाळा.

मेट्रोतून बाहेर पडलं की समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे ई७ दरवाजा. सिक्लाडीसच्या बऱ्याच बोटी ई६, ई७ किंवा ई९ ला लागतात. ऱ्होड्स, कोस, पात्मोसकडच्या बोटी ई१ ला, आणि ई१ जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. बंदराच्या आत त्या बाजूला जाणारी फुकट बस आहे, ती पकडा. उन्हात बॅगा ओढत जाण्याचा विचारही नको. आदल्या दिवशी कंपनीकडून संदेश येतो, त्यात दरवाजाचा क्रमांक बघा आणि सुटण्याच्या तासभर आधी तिथे असा. या बोटी वेळेवर सुटतात. सकाळी साडेसातची म्हणजे साडेसातला दोर सुटलेले असतात.

बोटीवर आणि फलकांवर नावं आधी ग्रीक लिपीत झळकतात, मग इंग्रजीत. शाळेतलं गणित इथे कामी येतं: वर्तुळाच्या सूत्रातला 'पाय' दिसला की पारोस किंवा पिरेअस, 'सिग्मा' दिसला की सीरोस, सिफनोस, सांतोरिनी यांपैकी काहीतरी, आणि त्रिकोणी 'डेल्टा' दिसला की डेलोस. पाच मिनिटांत सवय होते.

चढण्याचा रस्ता म्हणजे बोटीचं मागचं उघडं तोंड. त्याच फळीवरून ट्रक, मोटारी, स्कूटर आणि आपण. गोंधळ वाटतो, पण खलाशांचे हात बघत चला, ते बरोबर वाट काढून देतात. आत शिरल्याबरोबर गाड्यांच्या मजल्यावरच भिंतीलगत सामानाचे कप्पे असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या कप्प्यात मोठी बॅग ठेवा. पासपोर्ट, औषधं, पैसे, चार्जर आणि एक शाल खांद्यावरच्या पिशवीत. शाल जुलैतसुद्धा: आतला वातानुकूलित गारवा आणि डेकवरचा वारा दोन्ही बोचतात. तिथून वर न्यायला मोठ्या बोटींवर सरकते जिने असतात, लिफ्टही असते. माझी सत्तरीतली आत्या गुडघ्यांमुळे जिन्यांना घाबरते, ती दरवेळी निवांत वर गेली.

मोटार भाड्याने घेऊन बेटं फिरायचा बेत असेल तर ती बोटीवर चढवायची परवानगी आधी लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी ती आपोआप नसते. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक बेटावर वेगळी गाडी.

कुठे बसायचं, कधी उठायचं

सकाळी पिरेअसहून निघालेली बोट दक्षिण-आग्नेयेला जाते, म्हणजे ऊन डाव्या बाजूला. सावली हवी तर उजवीकडचा डेक धरा. सुमारे दीड तासाने मात्र डावीकडे या: अथेन्सभोवतालच्या अटिका प्रांताच्या टोकावर सुनिओनचं, समुद्रदेव पोसायडनचं देऊळ दिसतं, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं, दुरून पांढऱ्या खांबांची एक छोटी ओळ. जुन्या काळी परतणाऱ्या खलाशांना घर जवळ आल्याचं तिथूनच कळत असे.

नाक्सोसला बोट आत शिरताना पोर्तारा दिसतो, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट, धक्क्याच्या अगदी शेजारी. आणि उत्तरेकडून सांतोरिनीला येणार असाल तर शेवटचा पाऊण तास डावी बाजू सोडू नका. बोट इया गाव आणि थिरासिया बेट यांच्या मधून ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात शिरते. डावीकडे तीनशे मीटर उंच काळा-लाल कडा आणि त्याच्या माथ्यावर पांढरी घरं. विमानाने येणाऱ्याला हे मिळत नाही. माझा उलटा क्रम धरणाऱ्यांना तेच दृश्य निघताना उजव्या हाताला मिळतं.

उतरण्याची वेळ हा या प्रवासातला सर्वांत घाईचा भाग. बोट बंदरात शिरते, नांगर टाकते, जागच्या जागी वळते आणि पाठमोरी धक्क्याला लागते. मधल्या बेटांवर ती काही मिनिटंच थांबते. उतरणाऱ्यांनी खाली गाड्यांच्या मजल्यावर येण्याची घोषणा पंधरा-वीस मिनिटं आधी होते. तेव्हाच उठा. कॉफी संपवून मग जाऊ, असं करू नका. खाली इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास, अंधार, आणि मग समोरची भिंत हळूहळू आडवी होते आणि लख्ख ऊन आत येतं. बॅग हातात असू द्या, दोरांपासून लांब राहा, आणि फळी धक्क्याला टेकल्यावर खलाशाने हात केला की न थांबता चालू पडा. आपण कुठल्या बेटावर आहोत याची खात्री फोनवरच्या नकाशातल्या निळ्या ठिपक्याने करून घ्या. रात्री सगळी बंदरं सारखीच दिसतात.

बंदर आणि गाव एकत्र असलेली बेटं वयस्कर माणसांना आणि लेकुरवाळ्यांना सोयीची. नाक्सोस, पारोसचं पारिकिया, सीरोसचं एर्मुपोली, तिनोस इथे उतरलं की चालत खोलीवर जाता येतं. सांतोरिनीचं अथिनिओस बंदर मात्र कड्याच्या पायथ्याशी आहे. वर 'फिरा' या मुख्य गावाला जायला नागमोडी रस्ता आणि बोटीच्या वेळेला लागलेली बस. सेरिफोस, इओस, फोलेगांद्रोसलाही मुख्य गाव डोंगरावर आहे. तिथे खोलीवाल्याला बोटीचं नाव आणि वेळ कळवून ठेवा, पुष्कळदा तो स्वतः गाडी घेऊन येतो.

वारा

मी अलिबागची. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होतात आणि समुद्राने दार लावून घेतलं की माणसाने मुकाट्याने रस्ता धरायचा असतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. एजियनमध्ये, म्हणजे सिक्लाडीसभोवतालच्या समुद्रात, उन्हाळ्यात पाऊस नसतो, आकाश निळंशार असतं, आणि तरी बोटी बंद होतात. कारण मेल्तेमी. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून येणारा कोरडा, जोरकस वारा. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, यातून तो तयार होतो. तुर्कस्तानवरचा हा उन्हाळी कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचा पश्चिमेकडे गेलेला फाटा. म्हणजे मांडव्याची लाँच आणि मिकोनोसची कॅटामरान यांना थांबवणारी हवा एकाच साखळीतली आहे. मला हे कळलं तेव्हा एजियन एकदम ओळखीचा वाटायला लागला.

वाऱ्याचा जोर बोफोर्ट नावाच्या मोजपट्टीच्या आकड्यात सांगतात. मोठ्या बोटी साधारण ८ बोफोर्टपर्यंत, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत जातात. कॅटामरान आणि लहान बोटी त्याच्या आधीच थांबतात. निर्णय कंपनीचा नसतो, बंदर अधिकाऱ्यांचा असतो. धक्क्यावर 'आपागोरेफ्तिको' हा शब्द ऐकू आला की समजा, सुटण्यावर बंदी आली आहे. अंदाज दोन-तीन दिवस आधीपासून बघत राहा. ७ चा आकडा दिसू लागला की वेगवान बोटीचं तिकीट मोठ्या बोटीवर बदलता येतं का ते विचारा.

बंदी आली की काउंटरवर हुज्जत घालणारे पर्यटक मी बघितले आहेत. ग्रीक माणूस तिथे आवाज चढवत नाही. ८ डिसेंबर १९६६ च्या वादळी रात्री क्रीटहून पिरेअसला येणारी 'इराक्लिओन' बोट फाल्कोनेरा बेटाजवळ बुडाली. सुटा झालेला एक ट्रक बाजूच्या दारावर आदळला, दार निखळलं, पाणी आत आलं, आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. आमच्या रेवसच्या वाटेवर १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बुडाली, त्यात सहाशेहून अधिक गेले. अलिबाग तालुक्यात अजून लोक त्या दिवसाबद्दल बोलतात. बोट सोडत नाहीत तेव्हा ते आपल्याच जिवासाठी असतं.

तुमचा हक्क काय ते मात्र नीट माहीत असू द्या. युरोपीय संघाचा २०१० चा ११७७ क्रमांकाचा नियम सांगतो की बोट रद्द झाली किंवा दीड तासापेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल तर प्रवाशाने निवडायचं: पुढच्या बोटीवर जादा पैसे न देता जागा, किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, तेही सात दिवसांत. पोहोचायला फार उशीर झाला तर तिकिटाच्या पाव ते निम्म्या किमतीची भरपाईही आहे, पण कारण हवामान असेल तर ती मिळत नाही. वाऱ्यामुळे राहावं लागलं तर हॉटेलचा खर्चही कंपनीवर येत नाही. म्हणून एका रात्रीचे जादा पैसे आधीच बाजूला ठेवा. एका जुलैत आम्हाला अशी रात्र काढावी लागली. खोलीवाल्या बाईंनी बंदीची बातमी आमच्या आधी ऐकली होती आणि आम्ही बॅगा घेऊन परत येईपर्यंत चादरी बदलून ठेवल्या होत्या.

उशीर होतोय असं वाटलं तर मरीनट्रॅफिकवर बोटीचं नाव टाका, ती आत्ता कुठल्या बेटाजवळ आहे ते दिसतं. ही सेवा मुळात सीरोसवरच्या एजियन विद्यापीठात सुरू झाली.

ज्यांना बोट लागते त्यांनी मधोमध, खालच्या मजल्यावर बसावं. पुढच्या टोकाला सर्वांत जास्त हलतं. गोळी निघण्याच्या आधी घ्यायची असते, पोटात ढवळल्यावर नव्हे. कुठली ते घरच्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या. आलेपाकाची वडी जवळ ठेवा आणि नजर क्षितिजावर. रिकाम्या पोटी चढू नका, तुडुंब भरूनही नको.

कधी जायचं

मे अखेर ते जून आणि सप्टेंबर हे माझ्या मते सर्वांत चांगले. मेल्तेमीचा जोर नसतो, बोटी भरपूर असतात. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक तारीख टाळावी: १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिथे कामगार दिनाचा संप, आणि खलाशांची संघटना त्यात असली की बोटी धक्क्याला बांधलेल्या राहतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर वेगवान बोटी बहुतेक आटोपलेल्या असतात, मोठ्या कमी वेळा सुटतात आणि लहान बेटांवर खाणावळीही बंद होतात. तेव्हा नाक्सोस, सीरोस किंवा क्रीट धरा. तिथे बारा महिने माणसांची वस्ती असते.

१५ ऑगस्ट हा मरियमेच्या स्वर्गारोहणाचा मोठा सण. आधीचे चार दिवस बेटांकडे जाणाऱ्या आणि नंतरचे चार दिवस परतणाऱ्या बोटी गच्च असतात. सर्वांत जास्त तिनोसच्या. १८२३ मध्ये तिथे मरियमेची प्रतिमा सापडली, तिचं देऊळ टेकडीवर आहे, आणि नवस बोललेले लोक बंदरापासून देवळापर्यंत गुडघ्यांवर जातात. चढणीच्या रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी एक पट्टीच अंथरलेली आहे. ती पट्टी आणि तिच्यावरून जाणारी माणसं बघायला तिनोसला इतर कुठल्याही दिवशी अर्धा दिवस उतरा. सणाच्या दिवशी जागा त्यांना राहू द्या.

छोट्या बोटी

नाक्सोसहून 'एक्सप्रेस स्कोपेलितिस' नावाची एक लहान बोट सुटते. इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी अशी इवली बेटं करत आमोर्गोसला जाते, काही दिवस दोनुसालाही. पहाटे आमोर्गोसहून निघते, दुपारी नाक्सोसहून परतते, सहसा रविवार सोडून वर्षभर. ती हलते, चांगलीच हलते. पण डेकवर शाळेचे शिक्षक, पाव, कोंबड्यांचं खाद्य आणि एखादा धुलाई यंत्राचा खोका यांच्यामध्ये बसून गेलं की सिक्लाडीसची खरी ओळख होते. नाक्सोसला तीन रात्री असाल तर एक रात्र कुफोनिसीला द्या.

पारोसच्या पुंडा धक्क्यावरून अंतिपारोसला दहा मिनिटांत नेणारी उघडी, सपाट फेरी आहे. तिच्यावर चढल्याबरोबर आत्या म्हणाली, "अगं, ही तर आपली मांडव्याची रोरो!" तिचं बरोबर होतं. भाऊच्या धक्क्यावरून २०२० मध्ये सुरू झालेली पहिली रोरो 'प्रोटोपोरोस' ग्रीसमध्येच बांधून आणलेली आहे. ज्यांनी तिच्यावरून अलिबागला गाडी नेली आहे त्यांना ग्रीक फेरीची निम्मी सवय आधीच आहे.

खाणं आणि व्हिसा

बोटीवर कॉफी, सँडविच, बर्गर मिळतं आणि महाग असतं. बंदरासमोरच्या बेकरीतून पालकाची स्पानाकोपिता, चीजची तिरोपिता आणि तीळ लावलेलं गोल कुलुरी घेऊन चढा. शाकाहारी आणि त्यातही दूध-अंडी न खाणाऱ्यांनी 'निस्तिसिमो' म्हणून विचारावं. तो त्यांच्या उपवासाचा पदार्थ असतो, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. शिंपले, कोळंबी चालतात, तेवढं विचारून घ्या. सांतोरिनीची फाव्हा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून. आत्याने ते दोन्ही वेळा मागवलं. घरून शेंगदाण्याची चटणी, चिवडा, चिक्की न्या. पेढे, बर्फी, तूप नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पाण्याची बाटली विकतची घ्या, बऱ्याच बेटांवर नळाचं पाणी पिण्याजोगं नसतं.

आणखी एक, फक्त आपल्या पासपोर्टसाठी. कोसहून बोद्रुम, ऱ्होड्सहून मार्मारिस, सामोसहून कुशादासी हे तुर्की किनारे इतके जवळ दिसतात की सहज जाऊन येऊ असं वाटतं. ती बोट शेंगेनच्या बाहेर जाते. तुमचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत ग्रीसमध्ये येता येणार नाही, आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागेल. जायचंच असेल तर मुंबईत अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा.

परतीची मोठी बोट पिरेअसला पुष्कळदा रात्री उशिरा लागते. मेट्रो संपली असेल तर विमानतळाची एक्स९६ बस रात्रभर चालू असते. शहरात जायचं तर दरवाजाबाहेरच्या टॅक्सीत बसण्याआधी मीटर चालू करायला सांगा, किंवा फोनवरून बोलवा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ई७ समोरच्या गल्ल्यांतल्या एखाद्या साध्या हॉटेलात ती रात्र काढा आणि सकाळी निळ्या रेघेच्या मेट्रोने थेट विमानतळ गाठा.